स्टेअरिंगची मोकळी चाल

मालमोटार रस्त्यावर चालविण्यास योग्य आहे की नाही, असा प्रश्न निघाला की आपले लक्ष प्रथम ब्रेककडे जाते. स्टेअरिंगकडे तितके जात नाही. त्यातील झीज इतकी सावकाश वाढते की चालकाचा हात तिच्याशी नकळत जुळवून घेतो, आणि अंगवळणी पडलेला दोष दोष वाटेनासा होतो. म्हणूनच येथे अंदाजापेक्षा मोजमापावर भिस्त ठेवावी लागते.

हातातील चाक आणि रस्त्यावरील चाक यांच्यामध्ये अनेक सांधे असतात. सर्वसाधारण ट्रकमध्ये स्टेअरिंगचा दांडा स्टेअरिंग-बॉक्समध्ये उतरतो. तेथून निघालेला ड्रॉप आर्म ड्रॅग लिंकला मागेपुढे हलवितो. ड्रॅग लिंक पुढील एक चाक वळविते आणि टाय रॉड दुसऱ्या चाकास त्याच्याबरोबर नेतो. या दांड्यांच्या टोकांना बॉल जॉइंट असतात व चाके किंगपिनभोवती वळतात. प्रत्येक ठिकाणी केसाएवढी फट पडली, तरी त्या सर्वांची बेरीज चालकाच्या हातातील चाकावर दिसते. तीच मोकळी चाल; गॅरेजमध्ये तिला ‘प्ले’ म्हणतात.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी या मोकळ्या चालीस ३० अंशांची मर्यादा घातली आहे. घड्याळाच्या तबकडीवर बारापासून एकपर्यंत जेवढे अंतर, तेवढी ही मर्यादा. ४५ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाच्या कडेवर ती सुमारे १२ सेंटिमीटर भरते. ही शेवटची सीमा आहे. तेथवर जाण्याची परवानगी नव्हे.

मापण्याची रीत सोपी आहे. गाडी सपाट जागी, चाके सरळ ठेवून उभी करावी. पॉवर स्टेअरिंग असल्यास इंजिन चालू ठेवावे. स्टेअरिंग हळूच डावीकडे फिरवीत न्यावे; पुढील टायर हलू लागताच थांबून खूण करावी. मग उजवीकडे तसेच करावे. दोन खुणांमधील अंतर हीच मोकळी चाल.

परंतु फट कोठे आहे, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी एकाने स्टेअरिंग थोडे थोडे डावीउजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने एकेक सांधा पाहावा. एक भाग हलतो आणि त्यास जोडलेला दुसरा मागून हलतो, तेथे झीज आहे असे समजावे. स्टेअरिंग-बॉक्सचे चासीवरील बोल्ट, नटांना अडकविलेल्या पिना आणि बॉल जॉइंटवरील रबरी टोप्या याच वेळी पाहाव्यात. टोपी फाटली की ग्रीस बाहेर पडते आणि धूळ आत शिरते.

पुढील आस जॅकवर सुरक्षितपणे उचलून टायर वरखाली धरून हलविला असता तो डुलला, तर दोष बेअरिंगचा की किंगपिनचा? दुसऱ्याने ब्रेक दाबावा. डुलणे थांबले तर बहुधा बेअरिंग ढिले आहे. तसेच राहिले तर संशय किंगपिनवर जातो.

योग्यतेचे प्रमाणपत्र नूतनीकरणानंतर आठ वर्षांपर्यंतच्या वाहनास दोन वर्षांचे आणि त्याहून जुन्या वाहनास एक वर्षाचे मिळते. मधल्या काळात गाडी हजारो मैल धावते. बेळगावहून चोर्ल्याच्या घाटाने गोव्याकडे उतरणाऱ्या भरल्या ट्रकचा विचार करा. अरुंद वळणावर समोरून बस आली असता चालक स्टेअरिंग फिरवितो, आणि पहिले काही इंच चाके जागची हलतच नाहीत. त्या क्षणी कागदावरील शिक्का उपयोगी पडत नाही.

गाडी एका बाजूस ओढते किंवा स्टेअरिंग पूर्वीपेक्षा अधिक फिरवावे लागते, हे चालकास तपासनिसाच्या आधी जाणवते. पण एक खेप बुडेल म्हणून पुष्कळदा तो बोलत नाही, आणि बोलला तरी मालक ‘पुढच्या खेपेनंतर पाहू’ म्हणतो. तेव्हा मालकांनीच दर महिन्यास हे माप घेऊन वहीत लिहून ठेवावे. मागील महिन्याचा आकडा शेजारी असला म्हणजे वाढलेली झीज सवयीच्या आड लपू शकत नाही.