पेट्यांतून पुन्हा जुळवलेली मालिका

'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' १९८७ साली अमेरिकेत सुरू झाली तेव्हा तिथल्या टीव्हीवर चित्राच्या जेमतेम ४८० रेषा दिसायच्या. तरी कॅमेऱ्यात चढायची ती ३५ मिलिमीटरची फिल्म, सिनेमाला लागते तीच. पण हा थाट चित्रीकरणापुरताच. निगेटिव्ह धुऊन झाली की ती व्हिडिओटेपवर उतरवायची आणि पुढचं संकलन, इफेक्ट, शीर्षकं सगळं टेपवरच उरकायचं. त्यात वेळही वाचे, पैसाही. सात वर्षं मालिका चालली, पावणेदोनशेच्या वर भाग झाले, पण कापून-जोडून सलग केलेली निगेटिव्ह एकाही भागाची नव्हती.

हाय-डेफिनिशन आलं आणि हीच काटकसर आडवी आली. टेपवर ४८० रेषाच नोंदल्या असतील तर १०८० आणायच्या कुठून? यंत्र मधल्या जागा अंदाजाने भरतं. चित्र मोठं होतं, पण नवं काही दिसत नाही. फिल्मवर मुळात रेषाच नसतात, रसायनाचे अतिसूक्ष्म कण असतात, आणि ३५ मिलिमीटरच्या चांगल्या निगेटिव्हमध्ये हाय-डेफिनिशनला पुरून उरेल इतका तपशील असतो. १९६६ ची मूळ 'स्टार ट्रेक' इफेक्टसकट फिल्मवरच पूर्ण झाली होती, त्यामुळे तिचं काम त्या मानाने सोपं गेलं. या मालिकेचं तसं नव्हतं. ती नव्याने जुळवावी लागणार होती.

मालिकेची मालक कंपनी सीबीएसने ते मनावर घेतलं. २५,००० हून अधिक रिळं बाहेर काढली गेली. जुन्या टेपवरचा एकेक शॉट पाहायचा, तोच टेक निगेटिव्हमध्ये हुडकायचा, स्कॅन करायचा, आणि पूर्वीच्या संकलनाबरहुकूम जागेवर बसवायचा. खरी गंमत मात्र मालिकेतल्या एंटरप्राइझ या अंतराळयानाची. पडद्यावर दिसणारं यान म्हणजे काही फुटांचं मॉडेल. संगणकाच्या ताब्यातला कॅमेरा त्याच्यासमोरून तीच चाल हुबेहूब पुन्हा पुन्हा करायचा: एकदा यानाच्या अंगासाठी, एकदा खिडक्यांतल्या दिव्यांसाठी, एकदा इंजिनाच्या निळ्या प्रकाशासाठी. हे थर पूर्वी टेपवर एकत्र केले होते. त्यांच्या निगेटिव्ह वेगवेगळ्या शिल्लक होत्या. तेच थर नव्याने एकमेकांवर बसवले गेले. म्हणून ब्लू-रेवर दिसतं ते बहुतेक वेळा तेच जुनं मॉडेल, आणि मला ते संगणकात घडवलेल्या कुठल्याही यानापेक्षा वजनदार वाटतं. शस्त्रांचे किरण वगैरे जे थेट व्हिडिओवर बनलं होतं, ते मात्र नव्यानेच करावं लागलं. काही शॉट सापडलेच नाहीत. तिथे टेपवरचं चित्र ताणून बसवलंय आणि ते डोळ्यांना टोचतं.

ब्लू-रेवर पहिला सीझन २०१२ मध्ये आला, शेवटचा २०१४ मध्ये. इतकी स्पष्टता कलादिग्दर्शकांनी कधी गृहीत धरली नव्हती. दिव्यांची चमक कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून यानाच्या चकचकीत पॅनलांवर चिकटवलेले काळे पुठ्ठे आता चक्क दिसतात. चौकट जुनीच, ४:३ ठेवली, हे शहाणपणाचं केलं.

मुळात फिल्मच वापरली नसेल तर काय होतं, याचं उलट उदाहरण डॅनी बॉइलच्या '२८ डेज लेटर' या चित्रपटाचं. निर्मनुष्य लंडन त्यांनी छोट्या डिजिटल टेपच्या कॅमेऱ्यांवर टिपलं, शेवटचा भाग ३५ मिलिमीटरवर. ब्लू-रे लावा, दोन्हींतला फरक एकाच बैठकीत कळतो. पण तो ओबडधोबडपणा त्या कथेला शोभतो, त्यामुळे इथे तक्रार नाही.

अर्थात फिल्म टिकली तरच हे सगळं. पुण्यात २००३ च्या आगीत फिल्म संग्रहालयाच्या ताब्यातल्या, 'प्रभात' या चित्रपट कंपनीसह अनेकांच्या नायट्रेट फिल्म जळाल्या; त्यांतलं जे इतरत्र नव्हतं ते कायमचं गेलं.

आणि टिकली तरी खर्च कोणी करायचा? 'नेक्स्ट जनरेशन'च्या ब्लू-रेची विक्री अपेक्षेइतकी झाली नाही, तेव्हा त्याच घराण्यातल्या 'डीप स्पेस नाइन' आणि 'व्हॉयेजर' मागे राहिल्या. त्यांचीही निगेटिव्ह ३५ मिलिमीटरची. पण पुढे पुढे यानं संगणकावर, टीव्हीच्या जुन्याच मापात रंगवलेली, म्हणजे ती नव्याने करायची. 'डीप स्पेस नाइन'वरच्या माहितीपटासाठी चाहत्यांनी वर्गणी दिली, तेव्हा काही मिनिटांची दृश्यं मूळ निगेटिव्हवरून स्कॅन झाली. बाकी मालिका अजून डीव्हीडीच्याच दर्जाने पाहावी लागते.