मुख्याध्यापकाच्या हातातला टॅबलेट

महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या शाळेचा मुख्याध्यापक हा एकाच वेळी शिक्षक, लेखनिक, धान्यकोठीचा रखवालदार आणि गावाशी बोलणारा शाळेचा प्रतिनिधी असतो. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी 150 हून अधिक आणि सहावी ते आठवीसाठी 100 हून अधिक पट असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापकाची तरतूद आहे. त्यामुळे लहान पटाच्या शाळांत हा कार्यभार बहुधा ज्येष्ठ शिक्षकाकडे ‘प्रभारी’ म्हणून येतो आणि त्याला वर्ग सांभाळून कार्यालयही चालवावे लागते. अशा व्यक्तीला टॅबलेट, म्हणजे मोबाइलपेक्षा मोठ्या पडद्याचा, बोटाने किंवा लेखणीने चालवता येणारा आणि उभ्या उभ्या वापरता येणारा संगणक, दिला तर तिचे काम हलके होईल का, याचे उत्तर शाळेतील माहिती कुठे निर्माण होते आणि ती किती वेळा उतरवली जाते यावर अवलंबून आहे.

शालेय पोषण आहाराचे उदाहरण घ्यावे. या योजनेत प्राथमिक वर्गातील मुलासाठी दररोज 100 ग्रॅम आणि उच्च प्राथमिक वर्गातील मुलासाठी 150 ग्रॅम धान्याचे प्रमाण ठरलेले आहे. एखाद्या दिवशी पहिली ते पाचवीची 92 आणि सहावी ते आठवीची 48 मुले जेवली, तर 9.2 आणि 7.2 असा एकूण 16.4 किलो तांदूळ कोठीतून खर्ची पडतो. हिशोब सोपा आहे, पण हीच उपस्थिती आधी वर्गाच्या हजेरीपटावर, मग आहाराच्या नोंदवहीत, तेथून साठा नोंदवहीत, त्यानंतर मोबाइलवरील अ‍ॅपमध्ये आणि महिनाअखेरीस मासिक विवरणपत्रात जाते, आणि अधूनमधून तालुक्याहून ‘तातडीची माहिती’ मागवणारा संदेश आला की तीच संख्या आणखी एका तक्त्यात भरावी लागते. प्रत्येक उतरवणीला पाच-दहा मिनिटे लागतात आणि प्रत्येक उतरवणीत आकडा चुकण्याची शक्यता वाढते. एका जागी 48 चे 84 झाले, तर दोन नोंदवह्यांचा मेळ घालण्यात दुपार निघून जाते.

टॅबलेटचा खरा फायदा इथे आहे. वर्गशिक्षकाने वर्गातच हजेरी नोंदवली, त्या हजेरीवरून जेवणाऱ्या मुलांची संख्या जागेवरच तपासली गेली आणि तांदळाचा खर्च व शिल्लक साठा आपोआप निघाला, तर एकदा केलेली नोंद पुढची सगळी विवरणपत्रे तयार करू शकते. डोंगराळ भागात आणि पाड्यांवर नेटवर्कचा भरवसा नसतो. म्हणून नोंद आधी उपकरणातच साठवून जोडणी मिळताच पुढे पाठवण्याची सोय, म्हणजे ऑफलाइन काम करण्याची क्षमता, ही अशा प्रणालीची पहिली अट असली पाहिजे. दुसरी अट प्रशासनाने पाळायची आहे: टॅबलेटवर घेतलेली नोंद अधिकृत मानून तिची कागदी जुळी नोंद बंद करायची. ही दुसरी अट पाळली गेली नाही तर टॅबलेट म्हणजे आणखी एक नोंदवही ठरते, आणि तीही चार्ज करावी लागणारी. 2015 मध्ये राज्यात ‘सरल’ ही विद्यार्थी व शाळांच्या माहितीची प्रणाली आली, केंद्राच्या यू-डायस प्लस या शालेय माहिती प्रणालीत 2022-23 पासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र माहिती भरली जाऊ लागली, वेतनासाठी ‘शालार्थ’ आहे. या सर्व प्रणालींना तोच विद्यार्थी आणि तोच शिक्षक पुन्हा पुन्हा सांगावा लागू नये, ही मुख्याध्यापकांची मागणी अगदी रास्त आहे.

वाचलेला वेळ कुठे जावा, हा मुद्दा मात्र अधिक महत्त्वाचा आहे. मुख्याध्यापकाचे मूळ काम वर्गात काय शिकवले जाते आणि मुले काय शिकतात हे पाहण्याचे आहे, आणि त्यासाठी लॉगबुक, म्हणजे पाठ निरीक्षणाच्या नोंदींची वही, पूर्वीपासून आहे. तिच्यात ‘पाठ चांगला झाला, फलकलेखन सुवाच्य’ असे शेरे वर्षानुवर्षे लिहिले जातात आणि त्यातून शिक्षकाच्या हाती फारसे काही लागत नाही. टॅबलेट घेऊन मागच्या बाकावर बसलेला मुख्याध्यापक वर्गाच्या आसनव्यवस्थेचा साधा आराखडा पडद्यावर काढून, शिक्षकाने कोणाला प्रश्न विचारले त्या जागी खूण करत गेला, तर तासाअखेरीस आपोआप एक चित्र तयार होते: पुढच्या दोन रांगांत खुणांची दाटी आणि खिडकीकडच्या रांगेत एकही खूण नाही. भागाकाराच्या उदाहरणात मुले कुठे अडखळली हे दाखवणारे दोन-तीन वह्यांचे फोटो त्याला जोडले, तर मधल्या सुट्टीत शिक्षकासोबत बसून बोलण्यासाठी नेमका विषय मिळतो. महिन्याभराने त्याच वर्गाची दुसरी नोंद शेजारी ठेवली की बदल झाला की नाही हे दोघांनाही दिसते. या नोंदी शिक्षकाला धारेवर धरण्यासाठी वरिष्ठांकडे जाऊ लागल्या, तर वर्गात मोकळेपणा उरणार नाही; म्हणून त्या शिक्षक आणि मुख्याध्यापक यांच्यातच राहाव्यात.

दहा-बारा शाळांच्या समूहाची जबाबदारी पाहणाऱ्या केंद्रप्रमुखालाही याचा उपयोग होतो, कारण शिक्षण परिषदेचा, म्हणजे केंद्रातील शिक्षकांच्या नियमित बैठकीचा, विषय त्याला शाळांच्या प्रत्यक्ष अडचणींवरून ठरवता येतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये शाळाप्रमुखांनीही वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे, आणि 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ मंचावरील अभ्यासक्रम मोठ्या पडद्यावर पाहणे निश्चितच सोयीचे आहे. परंतु टॅबलेट कसा वापरावा याचे प्रशिक्षण सभागृहात एकदाच देऊन भागत नाही, ते शाळेत, चालू कामावर, शेजारच्या शाळेतील जाणत्या सहकाऱ्याच्या सोबतीने झाले तर टिकते.

काही बाबी खरेदीच्या आधीच ठरवाव्या लागतात. मुलांचे फोटो, आधार क्रमांक आणि जातीच्या नोंदी असलेले उपकरण हरवले तर होणारे नुकसान मोठे आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली आहे, त्यामुळे पासवर्ड, माहितीची सांकेतिक साठवण आणि अनावश्यक फोटो वेळोवेळी पुसणे यांत हयगय चालणार नाही. रिचार्जचा आणि फुटलेल्या पडद्याच्या दुरुस्तीचा खर्च मुख्याध्यापकाच्या खिशातून होऊ नये, तो शाळेच्या अनुदानातूनच व्हावा. बदली झाल्यावर दाखल-खारीज रजिस्टर जसे कार्यभाराच्या यादीवर सही घेऊन पुढच्या व्यक्तीकडे सोपवले जाते, तसेच टॅबलेट, चार्जर आणि शाळेच्या यू-डायस क्रमांकाने उघडलेले खाते हेही त्याच यादीत नोंदले जावे, आणि जुन्या मुख्याध्यापकाचा प्रवेश त्याच दिवशी बंद व्हावा.