दंडावर न कळणारा दाब



"दम लागतो हो, पण वय झालं आता," हे बोलणे आम्ही गावोगाव ऐकतो. दवाखान्यात दंडाला पट्टा बांधतात, ब्लडप्रेशर बरोबर निघते आणि माणूस निर्धास्त घरी येतो. दम मात्र लागतच राहतो.

याचे कारण समजून घेऊ. हृदय म्हणजे शेजारी शेजारी बसवलेले दोन पंप. डावा पंप सगळ्या अंगाला रक्त देतो. दंडावर मोजतात तो याचा दाब, वरचा आकडा १२० च्या आसपास. उजवा पंप फक्त फुफ्फुसाला रक्त देतो. त्याच्या लाइनीचा वरचा आकडा असतो सुमारे २५. तो वाढला तरी दंडाच्या पट्ट्याला पत्ता लागत नाही. लहानपणच्या सांधेतापाने आखडलेली हृदयाची झडप, बिडीने किंवा वर्षानुवर्षे चुलीच्या धुराने खराब झालेली फुफ्फुसे, फुफ्फुसात अडकलेली गुठळी, अशा कारणांनी तो वाढतो. मग उजवा पंप थकतो, पाय सुजतात, चक्कर येते.

पूर्वी हा दाब मोजायचा तर शिरेतून हृदयात नळी घालावी लागे. मग न टोचता कसा कळावा? आपल्या पाइपलाइनीचेच पाहा ना. जॉइंट गळत असला तर चिळकांडी किती जोरात उडते यावरून आतला दाब आपण ताडतोच. उजव्या पंपाची झडपही पुष्कळांची थोडी गळते. टू-डी इकोच्या यंत्रातील डॉपलर त्या गळतीचा वेग मोजतो. अमेरिकेत डॉ. यॉक व डॉ. पॉप यांनी १९८४ साली असा काढलेला दाब नळीने मोजलेल्या दाबाशी ताडून पाहिला, तो चांगला जुळला.

हिशेब सोपा आहे. वेग सेकंदाला ३ मीटर असेल तर ३ गुणिले ३ म्हणजे ९. त्याची चौपट ३६. त्यात उजव्या वरच्या कप्प्यातला दाब, समजा ८, मिळवला की झाले ४४. कप्प्यातला दाब पोटातून वर येणारी मोठी शीर किती फुगली आहे यावरून धरतात. वेग २.८ च्या वर गेला की डॉक्टर संशय घेतात.

मात्र हा अंदाज आहे. गळती नीट दिसली नाही तर आकडा निघत नाही; म्हणून आजार नाही असे समजू नये. पक्के निदान आजही नळी घालूनच होते. सरासरी दाब २० च्या वर गेला तर तो वाढलेला, असे २०२२ पासून युरोपातील तज्ज्ञांनी ठरवले आहे.

उसाला पाणी कमी पडले तर आपण बांधावर धावतो. घरातल्या बाईला माठ उचलताना दम लागला तर मात्र "होईल बरं" म्हणतो. तसे करू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, "इको करायचा का?" एवढीच आमची विनंती.