तान्ह्या बाळाची मालीश

सकाळची कामे आवरली, की बाळंतिणीच्या खोलीत ऊन पाण्याची बादली येते, कोमट तेलाची वाटी येते आणि न्हाऊ घालणारी बाई पाटावर पाय लांब करून बसते. तिच्या पायांवर निजवलेले बाळ आधी कुरकुरते, मग रडून घर डोक्यावर घेते आणि अंघोळ उरकून दुपट्यात गुंडाळले, की गाढ झोपी जाते. महाराष्ट्रात घरोघरी परिचित असलेले हे दृश्य थोड्याफार फरकाने भारतभर आढळते. केरळात वाटीत खोबरेल असते, बंगाल-बिहारात मोहरीचे तेल असते, एवढेच. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातही अभ्यंगाचे विवेचन आहे. स्पर्शेंद्रियाचे स्थान त्वचा, म्हणून तिला तेलाचे मर्दन हितकर, असा विचार तेथे मांडला आहे. तथापि एखादी चाल प्राचीन आहे, एवढ्यावरून ती गुणकारी ठरत नाही. घरातील वडीलधाऱ्यांना हे म्हणणे रुचणार नाही. परंतु मालीश या कसोटीला बऱ्याच अंशी उतरली आहे.

तिची खरी परीक्षा झाली ती धट्ट्याकट्ट्या बाळांवर नव्हे, तर अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर. गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाला काचेच्या उबदार पेटीत ठेवावे आणि शक्य तितके कमी हाताळावे, असा रुग्णालयांचा दीर्घकाळ शिरस्ता होता. त्याला कारणही होते. जंतुसंसर्गाचे भय मोठे होते आणि सुई टोचणे, नळी घालणे अशा हाताळणीने बाळाच्या रक्तातील प्राणवायू घटत असे. मात्र या काळजीपोटी आईचा हातही पेटीबाहेरच राहिला.

याच सुमारास अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात सॉल शॅनबर्ग आणि त्यांचे सहकारी उंदरांच्या पिलांवर प्रयोग करीत होते. आईपासून दूर केलेल्या पिलांच्या शरीरात वाढीशी निगडित असलेल्या एका विकराचे प्रमाण लवकरच घटते, असे त्यांना दिसले. ऊब देऊनही ते भरून येईना. अखेर ओल्या कुंचल्याने पिलांची अंगे जोर लावून घासली गेली, तेव्हा ते पूर्ववत झाले. उंदराची मादी पिलांना चाटते, तिची ही नक्कल होती. स्पर्श हा केवळ मायेचा उपचार नसून वाढीला लागणारी गोष्ट आहे, हे त्यातून सूचित झाले.

मायामी विद्यापीठातील टिफनी फील्ड यांनी हाच धागा पुढे नेला. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अपुऱ्या दिवसांच्या, परंतु प्रकृती स्थिरावलेल्या ४० बाळांचा समावेश होता. त्यांपैकी २० बाळांना दहा दिवस, दिवसातून तीन वेळा, प्रत्येकी पंधरा मिनिटे मालीश करण्यात आली व हातपाय हळुवार हलवण्यात आले. दोन्ही गटांतील बाळे दूध सारखेच घेत होती. तरीही मालीश झालेल्या बाळांचे वजन दररोज ४७ टक्के अधिक वाढले आणि ती सरासरी सहा दिवस आधी घरी गेली.

दूध वाढले नाही, तर वजन कशाने वाढले? त्वचेखाली दाब ओळखणारे संवेदक असतात. मालीश केली, की त्यांच्याकडून मेंदूकडे संदेश जातात आणि मेंदूपासून जठरापर्यंत जाणारी व्हेगस नावाची चेता अधिक क्रियाशील होते. जठराची हालचाल सुधारते आणि घेतलेले अन्न अधिक चांगले अंगी लागते, असे पुढील संशोधनावरून दिसते. येथे दाबाचे प्रमाण महत्त्वाचे ठरते. पिसासारख्या हलक्या स्पर्शाने हा परिणाम दिसला नाही. मध्यम दाबाने दिसला. गुदगुल्या होऊ नयेत इतका तो हवा आणि बाळ कळवळू नये इतकाच हवा.

या आकड्यांनी हुरळून जाण्याचे मात्र कारण नाही. अशा अनेक चाचण्यांचा २००४ साली एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा वजनातील जादा वाढ दिवसाला सुमारे पाच ग्रॅम भरली. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा चमचाभर पाणी. दीड किलोच्या बाळाला तेही थोडे नव्हे. परंतु काही चाचण्यांत मालीश कोणाला झाली हे निरीक्षकांना ठाऊक होते, हा दोष आढावा घेणाऱ्यांनी दाखवून दिला. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांबाबत पुरावा याहूनही तोकडा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा बाळांना सौम्य मालीश करण्याचा विचार करावा, एवढेच सावधपणे म्हटले.

तेलाचा प्रश्न निराळा. भारतात २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिळाचे तेल उपयुक्त आढळले, तर २००५ साली मुंबईतील अभ्यासात खोबरेलाने अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वजन खनिज तेलाच्या तुलनेने अधिक वाढले. उलट मोहरीच्या तेलाने उंदरांच्या त्वचेचे संरक्षक आवरण सावरण्यास विलंब लागल्याचे २००२ साली दिसले.

परंपरेने मालीश दिली, तशा काही घातक सवयीही तिच्यासोबत आल्या. नाकात व कानात तेल घालणे ही त्यांतील एक. नाकातले तेल श्वासावाटे फुप्फुसात उतरले, तर न्यूमोनिया होतो. नवजात बाळाची छाती कधीकधी फुगलेली दिसते, ती आईच्या संप्रेरकांमुळे, आणि आपोआप बसते. ती पिळल्यास गळू होऊ शकते. टाळूवर तेल थापल्याने टाळू लवकर भरत नाही. समोरची टाळू साधारणतः एक ते दीड वर्षात आपल्या गतीनेच भरते. नाक सरळ व्हावे म्हणून चिमटणे, बाळाला पायांना धरून उलटे लोंबकळवणे, डाळीच्या पिठाने लव जाईपर्यंत अंग रगडणे, यांचाही काही उपयोग नाही.

मालीश दूध पाजल्यावर लगेच करू नये. खोली उबदार असावी, हात धुतलेले, नखे कापलेली, बांगड्या-अंगठ्या काढलेल्या असाव्यात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाबाबत डॉक्टरांची अनुमती आधी घ्यावी. ताप असताना किंवा अंगावर पुरळ असताना मालीश टाळावी. बाळ तोंड फिरवू लागले, अंग ताठ करू लागले, तर हात थांबवावा. बाळ रडल्यावाचून तेल अंगात जिरत नाही, असे न्हाऊ घालणारी बाई ठणकावून सांगेल. तेव्हा तेलाची वाटी आईने आपल्या हाती घेतलेली बरी.