हायड्रोफॉइल कोणतं घ्यावं? आधी वेग विचारा

आमचं सोनाळा सातपुड्याच्या पायथ्याशी. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. तरी गेल्या सुट्टीत घरी असताना मला गोव्याहून मावसभावाचा फोन आला. तो तिथे वॉटर स्पोर्ट्सच्या कामावर आहे. हंगामभर साठवलेल्या पैशांतून त्याला एक जुनं हायड्रोफॉइल घ्यायचं होतं. शिकायचं, आणि पुढे पर्यटकांना शिकवायचं, असा विचार. समोर दोन सेट होते आणि किंमत जवळपास सारखीच. "ताई, तुले पान्यातलं समजते ना? मंग सांग बरं, यातलं कोनतं घिऊ?"

खरं सांगायचं तर मी फॉइलवर कधी उभी राहिलेली नाही. माझं पीएचडीचं काम पाइपातल्या प्रवाहावर आहे. पण प्रश्न ऐकल्यावर लक्षात आलं की याचं निम्मं उत्तर बारावीच्या भौतिकशास्त्रात आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी हा प्रश्न चांगला आहे, म्हणून तो इथे सोडवून दाखवते.

आधी वस्तू समजून घेऊ. बोर्डाच्या खाली एक उभा दांडा असतो, त्याला मास्ट म्हणतात. मास्टच्या खालच्या टोकाला आडवी नळीसारखी फ्यूजलाज असते. तिच्या पुढे मोठा पंख, म्हणजे फ्रंट विंग, आणि मागे तोल राखणारा छोटा पंख. पुरेसा वेग आला की पुढचा पंख बोर्डासकट माणसाला पाण्याबाहेर उचलतो. पाण्यात फक्त पंख आणि मास्टचा खालचा भाग उरतो, त्यामुळे पाण्याचा विरोध एकदम कमी होतो. कल्पना जुनीच आहे. इटलीच्या एन्रिको फोर्लानिनी यांनी १९०६ मध्ये मॅजोरे सरोवरात अशी बोट चालवली. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आणि त्यांचे सहकारी केसी बाल्डविन यांच्या एचडी-४ बोटीने १९१९ मध्ये ताशी सुमारे ११४ किलोमीटर वेग गाठला होता.

आता भावाचे दोन सेट पाहू. पहिल्यात पंखाचं क्षेत्रफळ १९०० चौरस सेंटीमीटर आणि मास्ट ७५ सेंटीमीटरचा, ॲल्युमिनियमचा. दुसऱ्यात पंख ९०० चौरस सेंटीमीटर आणि मास्ट ९५ सेंटीमीटरचा, कार्बनचा, चकचकीत. सगळे त्याला दुसरा घे म्हणत होते, कारण "ऑलिम्पिकवाले हाच साइज वापरतात".

सूत्र असं आहे:

लिफ्ट = ½ × पाण्याची घनता × वेगाचा वर्ग × पंखाचं क्षेत्रफळ × लिफ्ट गुणांक

उचलायचं वजन किती? माणूस ७५ किलो, बोर्ड वगैरे धरून ९० किलो, म्हणजे साधारण ८८२ न्यूटन. समुद्राच्या पाण्याची घनता १०२५ किलो प्रति घनमीटर. लिफ्ट गुणांक ०.५ धरू. आकडे घातले की १९०० च्या पंखाला उचलायला सुमारे ४.३ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी १५ किलोमीटर वेग लागतो. ९०० च्या पंखाला ६.२ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी २२ किलोमीटर.

इथे थांबा. तुमचा गाइड पहिला प्रश्न काय विचारेल? "०.५ कुठून आणलंस?" बरोबर आहे. तो मी गृहीत धरलाय. ०.८ धरला तर मोठा पंख ताशी १२ किलोमीटरलाच उचलेल. शिवाय सुरुवातीला थोडं वजन बोर्ड स्वतःच पेलतो. म्हणजे माझे १५ आणि २२ हे दोन्ही आकडे डळमळीत आहेत.

पण दोन वेगांचं गुणोत्तर काढा. वजन, घनता आणि गुणांक वर-खाली कटून जातात. उरतं फक्त १९०० भागिले ९०० याचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.४५. गृहीतकं काहीही असोत, लहान पंखाला जवळपास दीडपट वेग लागणार. बारीक रेसिंग पंखाचा गुणांक आणखी कमी असेल तर फरक वाढेलच, घटणार नाही. संशोधनात मला सगळ्यात उपयोगी पडलेली सवय हीच: आपल्या गृहीतकावर जे अवलंबून नाही ते आधी शोधायचं, आणि निष्कर्ष त्याच्यावर उभा करायचा.

मग ऑलिम्पिकवाले ९०० का वापरतात? २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विंडसर्फिंगसाठी आयक्यूफॉइल हा वर्ग पहिल्यांदा आला, त्याच्या शर्यती मार्सेयला झाल्या. त्यात पंख खरंच ९०० चौरस सेंटीमीटरचा आणि मास्ट ९५ सेंटीमीटरचा असतो. पण वर पुरुषांना ९ चौरस मीटरचं आणि महिलांना ८ चौरस मीटरचं शीड असतं, आणि ते ओढणारा माणूस कसलेला असतो. तो वेग आणू शकतो. माझा भाऊ हातात धरायच्या फुगीर पंखावर, विंगफॉइलिंग, शिकणार होता. पहिल्या महिन्यात तो वेग आणणार कुठून?

म्हणून कोणत्याही खेळासाठी पहिला प्रश्न एकच: वेग कोण देतंय?

बोटीच्या मागे दोरी धरून शिकत असाल तर वेग बोट देते. पंख मोठा घ्या आणि बोट हळू चालवायला सांगा. इलेक्ट्रिक फॉइलमध्ये मोटर वेग देते, म्हणून नवखाही लवकर उठतो. काइटफॉइलमध्ये पतंगाची ओढ जबर, तिथे हजाराच्या आसपासचा पंखही चालतो. विंगफॉइलमध्ये नवख्याने १७०० ते २२०० च्या दरम्यान राहावं, आणि बोर्डाचं आकारमान आपल्या वजनाच्या आकड्यापेक्षा ३०-४० लिटर जास्त घ्यावं. ७५ किलोच्या माणसाला १०५ ते ११५ लिटर. लाटांवर किंवा नुसतं पायाने पंप करत जायचं असेल तर वेग तुमचे स्नायू देतात. तिथे मोठा आणि लांब-अरुंद पंख लागतो, पण ते काम सरावलेल्यांचं.

दुसरा प्रश्न: चुकलो तर काय? लांब-अरुंद पंख कमी ताकदीत दूर जातो, पण चूक माफ करत नाही. आखूड-रुंद पंख हळू, पण सोशिक. नवख्याला ६० ते ७५ सेंटीमीटरचा मास्ट बरा, कारण पडायची उंची कमी आणि उथळ पाण्यात तळ लागायची भीतीही कमी. पण तो फार आखूड असला तर पंख पाण्याबाहेर येतो, हवा आत ओढली जाते आणि लिफ्ट क्षणात नाहीशी होते. म्हणून लाटा असतील तिथे सरावलेले लोक ८५-९५ कडे जातात. पंखाची कड धारदार असते. हेल्मेट आणि जाड जॅकेट न घालता कुणी चढू नये.

तिसरा प्रश्न जुन्या मालाचा, आणि याचं उत्तर सूत्र देत नाही. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमला स्टीलचा स्क्रू लागला की विद्युतरासायनिक गंज चढतो आणि स्क्रू जाम होतात. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकत्र आले तरी तेच. भावाला सांगितलं, "पैसे द्यायच्या आधी प्रत्येक स्क्रू स्वतः उघडून बघ."

तो गेला, उघडून बघितलं. मोठ्या पंखाच्या सेटचे दोन स्क्रू जाम निघाले. माझ्या गणिताने ज्याला पास केलं होतं, त्याचेच! शेवटी विकणाऱ्याने ते काढून दिले, किंमत थोडी उतरवली, आणि भावाने तोच सेट घेतला. आता रोज गोड्या पाण्याने धुतो आणि स्क्रूंना ग्रीस लावतो. गणिताने चुकीचा पर्याय बाजूला काढला, पण जाम स्क्रू पान्यानेच सापडले. सिद्धांत आणि प्रयोगशाळा यांचं नातं मला इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

आता वही काढा. स्वतःचं वजन घालून १९०० च्या पंखाचा वेग काढा. मग समुद्राऐवजी आमच्या वान धरणाचं गोडं पाणी धरा, घनता १०००. (फक्त गणितापुरतं, तिथे खेळायला जाऊ नका.) वेग किती बदलतो? जेमतेम सव्वा टक्का. आता वजन दहा किलोने वाढवून बघा. कोणत्या आकड्याची काळजी करायची आणि कोणता सोडून द्यायचा, हे उत्तर लिहायच्या आधीच कळेल.