साखर सोडली, ताट मात्र तेच!

“चहातील साखर केव्हाच सोडली, तरी रक्तातील साखर उतरत नाही,” अशी तक्रार आपल्या अनेक घरांत ऐकू येते. ही तक्रार खोटी नसते. मात्र दोष केवळ चमचाभर साखरेचा नसून संपूर्ण ताटाचा असतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोक मधुमेही आहेत. गोव्यात हे प्रमाण सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के आढळले. भात हेच ज्यांचे मुख्य अन्न, अशा आपणा किनारपट्टीवासीयांना हा आकडा विचार करायला लावणारा आहे.

भात, पाव, बटाटा यांतील पिष्टमय पदार्थांचे पचनानंतर ग्लुकोजमध्ये रूपांतर होते. हे ग्लुकोज पेशींत पोहोचवण्याचे कार्य स्वादुपिंडातून स्रवणारे इन्शुलिन करते. प्रौढ वयात होणाऱ्या मधुमेहात बहुधा पेशी इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत आणि साखर रक्तातच साचते. म्हणूनच चहा बिनसाखरेचा, पण दुपारी ताटभर भात, हा हिशेब जुळत नाही. भाताऐवजी तांदळाची भाकरी घेतली, तरी धान्य तेच राहते. सुकेळी आणि फळांचा रस यांतही साखर भरपूर असते. रसापेक्षा अख्खे फळ, तेही बेताने खाणे बरे.

मग ताट कसे असावे? अर्ध्या भागात पालेभाजी, फळभाजी, कोशिंबीर. पाव भागात मासळी, अंडे, डाळ किंवा कडधान्य. उरलेल्या पाव भागात भात अथवा भाकरी. मासळीत पिष्टमय पदार्थ जवळजवळ नसतात; मात्र ती तळण्यापेक्षा कालवणात घालावी. आधी भाजी व मासळी आणि शेवटी भात, असा क्रम ठेवल्यास जेवणानंतरची साखर कमी वेगाने चढते. जेवणाच्या वेळा नियमित असाव्यात आणि जेवणानंतर थोडे चालावे.

उपवासकाळात विशेष दक्षता हवी. इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेऊन उपाशी राहिल्यास साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. घाम सुटणे, हात थरथरणे, मन गोंधळणे ही त्याची लक्षणे होत. रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून त्वरित द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही न घालता तिला तातडीने रुग्णालयात न्यावे. आजारी व्यक्तींवर उपवासाचे बंधन नाही, हे ख्रिस्तसभेला मान्य आहे. तेव्हा डॉक्टरांना न विचारता जेवण किंवा औषध बंद करू नये. अशा व्यक्तींना प्रार्थना आणि दानधर्म यांचा मार्ग खुला आहेच.

ज्यांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे, त्यांच्यासाठी आशेची वार्ता आहे. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात योग्य आहार, वजनातील माफक घट आणि आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम यांमुळे मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले.

आपल्या घरांत पथ्य बहुधा एकट्या रुग्णाच्या वाट्याला येते आणि पंगतीत तो एकाकी पडतो. वास्तविक त्याचे हे ताट सर्वांनाच हितकर आहे. ते साऱ्या कुटुंबाने स्वीकारले, तर रुग्णाचे पथ्य टिकेल आणि मुलांनाही चांगली सवय लागेल.