पतनप्रतिबंधक परिधेय साधने

वृद्ध व्यक्तींचे पतन टाळण्यासाठी, पतनामुळे होणारी इजा सौम्य करण्यासाठी किंवा पतनाची वर्दी इतरांस त्वरित देण्यासाठी अंगावर धारण करावयाची उपकरणे. या तिन्ही कार्यांस सरसकट ‘प्रतिबंध’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी बाजारात मिळणारी बहुतेक साधने वस्तुतः केवळ वर्दी देणारी आहेत.

वर्दी देणाऱ्या साधनात प्रवेगमापक व बहुधा घूर्णी ही सूक्ष्म उपकरणे बसविलेली असतात. व्यक्ती स्थिर असताना प्रवेगमापक गुरुत्वीय प्रवेगाइतके (सु. ९·८ मी./से.²) मूल्य दर्शवितो. शरीर कोसळू लागताच हे मूल्य घटते, जमिनीवर आदळताच एकदम उसळते व नंतर हालचाल मंदावते. या क्रमावरून पतन ओळखले जाते. खुर्चीत धपकन बसल्यास मात्र खोटी वर्दी जाण्याचा संभव असतो. उलट भिंतीच्या आधाराने हळूहळू घसरलेली व्यक्ती साधनाच्या ध्यानी येत नाही. ॲपल कंपनीने २०१८ मध्ये आपल्या मनगटी घड्याळात ही सोय आणली. गळ्यात अडकविण्याची साधी कळ मात्र स्वतः दाबावी लागते. केंब्रिज येथील नव्वदीपुढील व्यक्तींच्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, दीर्घकाळ जमिनीवर पडून राहिलेल्या बहुतेकांनी जवळची मदतयंत्रणा वापरलीच नव्हती, असे आढळले. असे तासन्‌तास पडून राहिल्याने निर्जलीभवन, दाबामुळे होणारे व्रण व स्नायूंचा ऱ्हास संभवतो.

इजा सौम्य करणाऱ्या साधनांत नितंब-रक्षक गाद्या प्रमुख होत. ऊर्वस्थीच्या वरच्या टोकाचा अस्थिभंग टाळणे, हा त्यांचा हेतू. डेन्मार्कमधील एका शुश्रूषागृहात त्यांच्यामुळे असे अस्थिभंग निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे अमेरिकेतील ३७ शुश्रूषागृहांत एकाच बाजूस गादी बांधून दोन्ही बाजूंची तुलना करण्यात आली. फरक न आढळल्याने ही चाचणी मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली (२००७). कमरेस बांधावयाच्या हवेच्या पिशव्यांपुढील अडचण वेगळी आहे. उभ्या स्थितीतून नितंब जमिनीस टेकेपर्यंत एक सेकंदही लागत नाही. तेवढ्यात पतन ओळखून पिशवी फुगावी लागते.

पतनच टाळू पाहणारी साधने थोडी आहेत. वयोमानाने तळपायाची संवेदना बोथट होते आणि तोल सावरण्यास उशीर होतो. बोस्टन विद्यापीठातील जेम्स कॉलिन्स व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये पायाखाली जाणवणारही नाहीत इतकी क्षीण, अनियमित कंपने निर्माण करणारे तळवे योजिले. एरवी मज्जातंतूंस न जाणवणारा दाब या कंपनांची भर पडल्याने संवेदनेचा उंबरठा ओलांडतो. प्रयोगात वृद्धांचे उभे असतानाचे डोलणे कमी झाले. परंतु पतनांची संख्या घटते की काय, हे त्यात तपासलेले नव्हते. समतोल राखण्याच्या साध्या व्यायामाबाबत ही त्रुटी नाही. अनेक चाचण्यांच्या २०१९ मधील एकत्रित आढाव्यानुसार व्यायामाने पतनांचे प्रमाण सु. २३ टक्क्यांनी घटते. शिवाय हे तळवे पादत्राणात बसवावयाचे असल्याने, घरात अनवाणी वावरण्याची रीत असलेल्या आपल्याकडे न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर त्यांचा उपयोग होणार नाही.